चार जाड तारा

काकांनी पातेल्यात पाणी ठेवलं आणि उकळी फुटल्यावर शेवया सोडाव्यात तशा त्यात चार तारा सोडल्या. झाकण अर्धं सरकवून घड्याळाकडे बघत म्हणाले, "दहा मिनिटं." बाहेरच्या खोलीतून काकूंनी विचारलं, "मीठ घातलंत का?" हा विनोद त्या घरात चाळीसेक वर्षं चालू असावा, कारण दोघांपैकी कुणीच हसलं नाही.

गिरगावातली चाळ, दुसरा मजला. काका एके काळी ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचे. शनिवारी पुणे, रविवारी नाशिक, सोमवारी सकाळी कचेरी, असे ते दिवस. परदेशी तारांचा सेट मिळणं मुश्कील आणि मिळाला तरी खिसा रिकामा करणारा. म्हणून उकळायच्या. तारेवरच्या वेटोळ्यांच्या फटींत बोटांचा घाम, तेल आणि मळ बसतो, तार जड होते आणि तिचा कंप लवकर विझतो. उकळत्या पाण्यात तो मळ सुटतो आणि तार पुन्हा झणझणते. पण धातूचा थकवा पाण्याने जात नाही, त्यामुळे ही नवी तरतरी फार तर काही दिवस टिकते. "शनिवार-रविवार निघायचा," काका म्हणाले. "आपल्याला तेवढंच हवं असायचं."

मी त्यांच्याकडे गेलो होतो ते वेगळ्या कामाने. कॉलेजात असताना उसन्या बेसवर तीन वर्षं काढली होती. पुढे नोकरी लागली, संसार झाला. शेहेचाळिसाव्या वर्षी पुन्हा हुक्की आली आणि स्वतःची बेस गिटार घ्यायची ठरवली. कुठली घ्यावी, हा माझा प्रश्न होता. काकांनी उलट विचारलं, "तारा कुठल्या लावणार?" ते आधी ठरव, मग गिटारीचं बघू, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा मला ते म्हातारपणचं तिरपागडं बोलणं वाटलं. वर्षभर हिंडल्यावर आता त्यातलं बरंचसं पटलंय.

आपल्याकडे ग्रामीण बोलीत चांगल्याला "लई बेस" म्हणतात. त्या बेसचा या बेसशी संबंध नाही, पण असायला हरकत नव्हती. गाण्यात बेस बहुतेकांना ऐकूच येत नाही, तो थांबला की मात्र काहीतरी सांडल्यासारखं वाटतं. बेसच्या सर्वांत जाड तारेचा, म्हणजे 'ई'चा, कंप सेकंदाला ४१च्या आसपास असतो. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाच्या तानपुऱ्यातला खर्ज ६९च्या आसपास. म्हणजे आपण ज्याला खर्ज म्हणतो, त्याच्याही बऱ्याच खाली या वाद्याचं तळघर आहे.

हे वाद्य तसं तरुण. त्याआधी हे काम उभा, माणसाएवढा डबल बेस करायचा. तो बसमध्ये मावत नसे आणि ब्रासच्या गलक्यात ऐकू येत नसे. सिएटलच्या पॉल टटमार्क यांनी १९३०च्या दशकातच पडद्यांची, आडवी धरायची विजेची बेस गिटार बनवली होती, पण ती चालली नाही. चालली ती लिओ फेंडर यांची. हे गृहस्थ कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचे, मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे, स्वतः गिटार न वाजवणारे. १९५१मध्ये त्यांनी आणलेल्या बेसचं नाव 'प्रिसिजन', म्हणजे अचूक. कारण साधं होतं. मानेवर पडदे असल्यामुळे बोट थोडं इकडेतिकडे पडलं तरी सूर जागेवर लागायचा. मानेच्या टोकाची खाचांची पट्टी म्हणजे नट; तिथपासून धडावरच्या घोडीपर्यंत, म्हणजे ब्रिजपर्यंत, तारेची लांबी त्यांनी ३४ इंच धरली आणि आजही बहुतेक कारखाने तीच धरतात. १९६०मध्ये त्यांनीच 'जॅझ बेस' आणली. आज दुकानात टांगलेल्या बेसपैकी बऱ्याचशा या दोघींच्या लेकी-नाती असतात.

दुकान म्हणजे मुंबईत धोबी तलाव. जेर महालच्या आसपास वाद्यं बघत हिंडणं हा गोव्याहून आलेल्या वादकांचा शिरस्ता. मुंबईच्या सिनेसंगीताच्या वाद्यवृंदांत गोवेकरांचा केवढा वाटा होता ते आता सगळ्यांना माहीत आहे. राहुलदेव बर्मन यांच्या ताफ्यात बेस वाजवणारे टोनी वाझ त्याच परंपरेतले. आताची पोरं दुकानात येतात ती मुंबईच्या बेसवादक मोहिनी डेचे व्हिडिओ मोबाइलवर दाखवत, "असा आवाज पाहिजे" म्हणत. विक्रेता सहसा हसतो. असा आवाज हुकाला टांगलेला नसतो, हे त्याला ठाऊक असतं.

टांगलेली असते ती मान. माझ्या मते बेस घेताना पहिल्यांदा बघायची ती तीच. रंग नाही, नाव नाही, तारेचा कंप पकडणारा पिकअपही नाही. जुन्या प्रिसिजनची मान नटपाशी सुमारे ४४ मिलिमीटर रुंद, जॅझची ३८. सहा मिलिमीटर कागदावर काहीच नाहीत. पण डाव्या हाताच्या करंगळीला विचारा. मी सगळ्यात आधी जी उचलली ती दिसायला देखणी, पण धरल्यावर क्रिकेटची बॅट हातात आल्यासारखं वाटलं. दुसरी, अर्ध्या किमतीची, हातात आल्यावर हात तिच्यावर असल्याचंच विसरलो. हात लहान असेल तर ३० इंचांची 'शॉर्ट स्केल' बघायला लाजू नये. पॉल मॅकार्टनीने १९६१मध्ये हॅम्बुर्गला साधारण तीस पौंडांना घेतलेली व्हायोलिनच्या आकाराची हॉफनर ३० इंचांचीच होती. ती त्याने का घेतली? स्वस्त होती, आणि दोन्हीकडून सारखी असल्यामुळे डावखुऱ्याने उलटी धरली तरी वेडीविद्री दिसत नसे. ज्या आवाजावर पुढे लोकांनी जीव टाकला, त्याच्या निवडीमागे एवढाच हिशेब होता.

वजनही बघा. बेस चार-साडेचार किलोची असते आणि खांदा दोन तास तक्रार करत नाही, तिसऱ्या तासाला करतो. संध्याकाळी सहाच्या विरार गाडीत ती पाठीवर घेऊन चढायचं असेल, तर तक्रार करणाऱ्यांत सहप्रवासीही आले.

मानेवरच्या फळीची एक गोष्ट सांगायलाच हवी. मॅपल नसेल तिथे ही फळी बहुधा 'रोझवुड'ची असते, आणि आज वापरात असलेलं बरंचसं रोझवुड म्हणजे आपली शिसव. आजोळच्या माजघरातलं काळपट, जड, सरकवताना चार माणसं लागणारं कपाट आठवा, तेच लाकूड. आधी ब्राझीलचं रोझवुड वापरत, ते दुर्मीळ झाल्यावर जगभरच्या कारखान्यांनी हिंदुस्थानी शिसवीकडे मोर्चा वळवला. २०१७च्या जानेवारीपासून दुर्मीळ वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात शिसवीच्या सगळ्या भाईबंदांना कागदपत्रांची सक्ती झाली. तेव्हा काही कंपन्यांनी घाईघाईने दुसरी लाकडं वापरायला घेतली. २०१९च्या नोव्हेंबरात तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. या फळीने आवाज किती बदलतो यावर वादक तासन्‌तास भांडतात. मला विचाराल तर, तारा बदलल्याने जेवढा बदलतो त्याच्या पासंगालाही पुरत नाही.

आता तारांकडे. बेसची तार म्हणजे मधे पोलादी गाभा आणि त्यावर दुसऱ्या तारेचं वेटोळं. वेटोळ्याची तार गोल असेल तर ती 'राउंडवाउंड'. तिच्यावर बोट फिरवलं तर कानशीवर फिरवल्यासारखं खरखरतं. आवाज उघडा, झणझणीत, पियानोच्या खालच्या सुरांसारखा. वेटोळं चपट्या पट्टीचं असेल तर ती 'फ्लॅटवाउंड', काचेसारखी गुळगुळीत. आवाज गोल, मिटलेला, पोटातून आलेला. मधली एक जात असते, गोल वेटोळं वरून घासून सपाट केलेली. ती मला दोन्ही दगडांवर पाय ठेवणारी वाटली, पण ती आवडणारेही आहेत. चौथी, काळ्या नायलॉनच्या पट्टीत गुंडाळलेली, डबल बेसच्या जवळ जाणारी.

या दोन टोकांमधला फरक मला खरा कळला तो मिरजेत, सतारमेकर गल्लीत. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येणारे भोपळे दाराशी रचून ठेवलेल्या एका कारखान्यात मी बसलो होतो. कारागीर घोडी घासत होते, एका वेळी केसभर. अशी घोडी घासून तारेला झणझण आणणं, म्हणजे जवारी लावणं, हे आठवड्यात शिकायचं काम नाही. मी त्यांना मोबाइलवर बेसचे दोन आवाज ऐकवले. पहिला राउंडवाउंडचा. त्यांनी मान न उचलता सांगितलं, "ही खुली जवारी." दुसरा फ्लॅटचा. "ही बंद." मग म्हणाले, "गाणारा आला की आम्ही आधी त्याचा आवाज ऐकतो. कुणाला खुली मानवते, कुणाला बंद. चांगली-वाईट असं त्यात नसतं." वर्षभरात बेसच्या तारांबद्दल याहून नेमकं मी काही ऐकलं नाही, आणि सांगणाऱ्याने बेस गिटार हातातही धरलेली नव्हती.

या खुल्या-बंद आवाजाचा इतिहास तीन माणसांच्या हातून लिहिता येतो. गंमत म्हणजे त्यातल्या दोघांची वाद्यं एकाच कारखान्यातली, एकाच साली बनलेली.

पहिला जेम्स जेमरसन. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या स्टुडिओत साठच्या दशकात जी गाणी झाली, त्यांतल्या असंख्य गाण्यांचा बेस याचा. नाव मात्र तबकडीवर बराच काळ छापलंच गेलं नाही. मुळात तो डबल बेसवाला, त्यामुळे उजव्या हाताचं एकच बोट वापरायचा. त्या बोटाला सगळे 'हुक' म्हणत. बेस १९६२ची प्रिसिजन. तारा ला बेला कंपनीच्या जाडजूड फ्लॅटवाउंड, बारीक तार ५२ हजारांश इंच आणि जाड तार ११०. ब्रिजवरच्या झाकणाखाली स्पंजाचा तुकडा. आणि नियम एकच, तार तुटल्याशिवाय बदलायची नाही. मळातच मजा आहे, असं त्याचं म्हणणं. फळीपासून तारा इतक्या उंच असायच्या म्हणे, की दुसऱ्या कुणाला ती वाजवता येत नसे. आपल्या दृष्टीने सगळंच चुकीचं. पण त्या गाण्यांत प्रत्येक सूर ठप्प उमटतो, क्षणभर गुबगुबीत होतो आणि पुढच्याला जागा करून देतो. तार नवी असती तर हे झालं नसतं.

दुसरा इंग्लंडचा जॉन एन्टविसल, 'द हू'चा. याला ठप्प आवाज नको होता, पियानोसारखा हवा होता. १९६५च्या सुमारास त्याने डॅनेलेक्ट्रो नावाच्या बेस घेतल्या त्या त्यांच्या बारीक, चमकत्या तारांसाठी. तार तुटली की सुटी तार मिळेना, म्हणून पठ्ठ्याने अख्खी नवी बेस घेतली. १९६६मध्ये तो रोटोसाउंड या तारा बनवणाऱ्या कंपनीकडे गेला आणि मनासारखा आवाज येईपर्यंत त्यांच्याकडून तारा करवून घेतल्या. रॉकमधला कडकडीत बेस तिथून पसरला. लॅरी ग्रॅहमने आईच्या बँडमध्ये ड्रमवाला नसल्यामुळे अंगठ्याने तार ठोकायची आणि बोटाने उचकटायची रीत काढली. त्या 'स्लॅप'लाही अशीच उघडी तार शोभते.

तिसरा जॅको पास्टोरियस. त्याची १९६२ची जॅझ बेस, तिचे पडदे उपटलेले. ते कुणी उपटले, याच्या त्यानेच वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या. पण पुढचं नक्की आहे. पडद्यांच्या खाचा बुजवून त्याने फळीवर बोटींना लावतात तसलं इपॉक्सी चढवलं, कारण त्याला राउंडवाउंड तारा हव्या होत्या आणि त्यांच्या खरखरीने नुसती लाकडी फळी कुरतडली गेली असती. पडदे नाहीत, फळी काचेसारखी कडक, तार खुली. मग तार फळीला घासत घासत कंप पावते आणि सूर उमलत जातो. पाश्चात्त्य वादक त्या आवाजाला 'म्वा' म्हणतात. आपण म्हणू, जवारी लागली! १९७६ची त्याची पहिली तबकडी ऐकली की तानपुऱ्यात वाढलेला कान चपापतो. हे आपल्या ओळखीचं आहे, असं वाटतं.

तेव्हा एकाच सालच्या, एकाच घरच्या दोन बेस. एकीवर न बदललेल्या बंद तारा, दुसरीवर झणझणीत खुल्या. पिकअप निराळे, पडद्यांचाही फरक, हे सगळं धरूनही मुख्य फरक तारेचा आणि बोटाचाच होता, असं माझं मत. दुकानदाराला ते परवडणारं नाही.

आता माझी फजिती. जेमरसन डोक्यात इतका शिरला, की मी एका दुकानातून त्याच जाडीच्या फ्लॅटवाउंड तारा आणल्या. तिथल्या पोराने दहा मिनिटांत त्या माझ्या नव्या बेसवर चढवून दिल्या आणि "एकदम रेडी, सर" म्हणून ती हातात ठेवली. नेहमीचा सेट ४५ ते १०५चा असतो. त्याच्या चार तारा मिळून मानेला सत्तर-ऐंशी किलोने ओढतात, म्हणजे एक बऱ्यापैकी जेवणारा माणूस रात्रंदिवस लोंबकळत असतो. जाड तारांची ओढ त्याहून मोठी. शिवाय नटच्या खाचा बारीक तारांसाठी कापलेल्या, जाड तार त्यात बसेना, नुसती वर टेकलेली. पंधरा दिवसांत मानेचं धनुष्य झालं. पहिल्या पडद्यावर सूर चढा, बाराव्यावर आणखी चढा. मी कानाला दोष देत बसलो.

शेवटी उपनगरातल्या एका दुरुस्ती करणाऱ्याकडे गेलो. त्याने मानेच्या आतला पोलादी गज, म्हणजे ट्रस रॉड, पाव फेरा फिरवला आणि बेस कोपऱ्यात ठेवून दिली. "उद्या या." दुसऱ्या दिवशी पुन्हा पाव फेरा. लाकडाला घाई चालत नाही, म्हणाला. मग नटच्या खाचा कानशीने रुंद केल्या, ब्रिजवरचे खोगीर मागेपुढे करून सूर जुळवले. तीन दिवसांचं काम. तारांची जाडी बदलली की हे सगळं करावंच लागतं, आणि हे विकत घेताना सांगणं दुकानाचं कर्तव्य आहे.

त्याने आणखी दोन गोष्टी शिकवल्या. एक, पुड्यावरचा आकडा सगळं सांगत नाही. गाभा आणि वेटोळं यांचं प्रमाण वेगळं असलं तर त्याच जाडीच्या दोन तारा हाताला वेगळ्या लागतात. व्हिएन्नाच्या थोमास्टिक कंपनीच्या फ्लॅट तारा इतक्या सैल, की पहिल्यांदा वाजवताना सूर उतरलाय असं वाटतं. ज्यांचा हात हलका त्यांना त्या लोण्यासारख्या. दोन, तारेचा गाभा गोल असेल तर ती खुंटीपाशी वाकवल्याशिवाय कापायची नाही. आधी कापली तर वेटोळं गाभ्यावर सुटतं आणि हजारोंची तार मरते. षटकोनी गाभ्याला हा धोका नाही.

धातूचं म्हणाल तर, स्टेनलेस स्टील सर्वांत लखलखीत, पण पडदे झिजवतं. निकेलचा मुलामा दिलेली तार मधली. शुद्ध निकेल सौम्य. मुंबईच्या दमट हवेत, ज्यांच्या हाताला घाम फार, त्यांच्या राउंडवाउंड महिन्याभरात निस्तेज होतात. वाजवून झालं की सुती फडक्याने पुसा, एवढं केलं तरी पातेलं वाचतं. फ्लॅट तारेत मळ बसायला फटी कमी, म्हणून ती वर्षानुवर्षं चालते. ती महाग असते, पण हिशेब शेवटी तिच्याच बाजूने लागतो.

आणि एक आजच्या काळाची अडचण. फ्लॅटचा आवाज खोलीत अंगावर येतो, मोबाइलवर मात्र गायब होतो. मोबाइलचा इवलासा स्पीकर ४१ कंपांचा सूर काढूच शकत नाही. वरचे उपस्वर ऐकून खालचा मूळ स्वर आपला मेंदू स्वतःच भरून काढतो. खुल्या तारेत उपस्वर भरपूर, म्हणून तो भरता येतो. बंद तारेत ते कमी, मग मेंदूच्या हाती काही लागत नाही. तुमचं ऐकणारं माणूस फोनवरच ऐकणार असेल तर हा विचार करा. पिकअप, बॅटरीवर चालणारी सर्किटं, पाचवी तार, यांवर मी इथे लिहीत नाही. काका म्हणतात, "चार तारांचं देणं फिटलं की पाचवी घे." माझं फिटलेलं नाही.

मी काय घेतलं? ती अर्ध्या किमतीची, अरुंद मानेची. त्या जाड तारा उतरवल्या आणि ४५ ते १०५च्या फ्लॅट लावल्या. मला जुन्या हिंदी गाण्यांबरोबर वाजवायला आवडतं आणि माझ्या कानाला बंद जवारीच गोड लागते. माझी मुलगी सोळाची, तिला हा आवाज "गोधडीखालून आल्यासारखा" वाटतो. तिला स्लॅप शिकायचंय. तिच्या हाताने ती हवी ती मान निवडेल आणि हव्या त्या खुल्या तारा लावेल.

राहिलं त्या गाजलेल्या बेसचं. तिघींनाही चोरांनी नेलं. मॅकार्टनीची हॉफनर १९७२मध्ये लंडनमध्ये गाडीतून गेली आणि अर्ध्या शतकानंतर परत आली, २०२४च्या फेब्रुवारीत तसं जाहीर झालं. जॅकोची १९८६मध्ये न्यूयॉर्कच्या बागेतून गेली. पुढच्याच वर्षी पस्तिसाव्या वर्षी तो गेला, त्यानंतर कितीतरी वर्षांनी ती मिळाली. जेमरसनची मात्र १९८३मध्ये तो मरण्याच्या काही दिवस आधी चोरीला गेली ती अजून मिळालेली नाही. तपकिरी-पिवळ्या सनबर्स्ट रंगाची, कासवाच्या पाठीसारखी नक्षी असलेली पट्टी, मानेच्या टाचेवर निळ्या शाईत 'फंक' हा शब्द. कुठे दिसलीच, तर कळवा. आणि कृपा करून तिच्या तारा बदलू नका.